स्विफ्टला 16 इंची चाकं आणि 30 मिमी खाली: कामाच्या नोंदी

26 ऑक्टोबर 2025

गाडी: मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, 2013 ची, एमएच 09 पासिंग. आधी काका चालवायचे, आता माझ्याकडे. मीटरवर 91 हजार आणि थोडं वर. इंजिन ठणठणीत आहे, त्याला हात लावायचा नाही. शॉकअप मात्र मेलेत. रंकाळ्याच्या बाजूच्या रस्त्याला गाडी खड्ड्यातून निघाली की पुढचे दहा फूट डोलत राहते. शॉकअप बदलायचे आहेतच, तर त्याच खोलाखोलीत स्प्रिंगा आणि चाकंही करून घ्यायची असं दिवाळीत ठरलं.

आज फक्त मापं घेतली. गाडी किती बसली हे जमिनीपासून मोजून कळत नाही, कारण टायर बदलला, हवा बदलली की माप हलतं. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या ओठापर्यंत मोजायचं. ते माप टायरवर अवलंबून नसतं. गाडी सपाट फरशीवर, टाकी अर्धी, आत कोणी नाही:

पुढे डावीकडे 378 मिमी, उजवीकडे 375. मागे दोन्हीकडे 384.

उजवीकडचे तीन मिमी म्हणजे काकांची बारा वर्षं.

1 नोव्हेंबर

टायरचं गणित. या व्हेरियंटला कंपनीचा टायर 165/80 आर 14. रुंदी 165, त्याच्या 80 टक्के म्हणजे 132 मिमी टायरची भिंत. 14 इंच म्हणजे 355.6 मिमी. त्यात दोन भिंती मिळवल्या की बाहेरचा व्यास 619.6. हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलाय. चाक कितीही मोठं करा, हा व्यास हलता कामा नये. स्पीडोमीटर, गिअरचं प्रमाण, कमानीतली जागा, स्टेपनी, सगळं त्याला बांधलेलं आहे.

वरच्या झेडएक्सआय व्हेरियंटला कंपनीच 185/65 आर 15 देते. व्यास 621.5. सगळ्यात शहाणपणाचा पर्याय हाच, आणि ज्याला फक्त रोड ग्रिप हवी त्याने पुढचं काही वाचू नये, हेच घ्यावं.

195/55 आर 16 चा व्यास 620.9, मूळच्यापेक्षा सव्वा मिलिमीटर जास्त. भिंत 107 मिमी. हा टायर बलेनोच्या आणि आय20 च्या वरच्या व्हेरियंटला येतो, त्यामुळे कुठल्याही दुकानात मिळतो. फाटला तर सांगली-साताऱ्यातही रात्री आठ वाजता मिळेल. मला याचं महत्त्व डिझाइनपेक्षा जास्त वाटतं.

205/45 आर 17 चा व्यास 616, तोही बसतो. पण भिंत फक्त 92. आपल्या रस्त्यांवर 92 मिमी रबर आणि त्याच्या आत लगेच ओतीव अ‍ॅल्युमिनियम, हे मला नको.

आणि कॉलेजच्या पोरांच्या गाड्यांना हमखास दिसतो तो 195/50 आर 15. स्वस्त मिळतो, रुंद दिसतो. व्यास 576. म्हणजे स्प्रिंगेला हात न लावताच गाडी 22 मिमी खाली येते, मीटर 100 दाखवतो तेव्हा गाडी 93 ने चाललेली असते, आणि कमानीत टायरच्या वर एवढी पोकळी दिसते की मग ती झाकायला स्प्रिंगा कापायच्या. एक चुकीचा आकार घेतला की पुढची सगळी कामं त्याच्यामागून येतात.

ठरलं: 195/55 आर 16.

5 नोव्हेंबर

कायद्याचं एकदा नीट वाचून काढलं. मोटार वाहन अधिनियम 1988, कलम 52: कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे तपशील होतील असा बदल मालकाने करायचा नाही. केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे कलम आणखी घट्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182-ए आलं. त्यात परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

अलॉय चाकं घातली म्हणून कुणी अडवल्याचं माझ्या ओळखीत कुणाला आठवत नाही, पण 'कुणी अडवत नाही' आणि 'चालतं' यात फरक आहे. खालच्या स्प्रिंगेबद्दल तर वाद घालायलाही जागा नाही. डोळे उघडे ठेवून करतोय एवढंच. म्हणून तीन नियम: पत्रा कापायचा नाही, वेल्डिंग करायचं नाही, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग तेल लावून माळ्यावर ठेवायचा. 2028 ला गाडीची पंधरा वर्षं भरतात. नोंदणी पुढे न्यायची तर आरटीओत फिटनेसला उभी करावी लागेल, आणि तेव्हा ती जशी शोरूममधून आली तशी उभी राहिली पाहिजे.

विम्याच्या एजंटला फोन केला. अलॉय पॉलिसीत वेगळे दाखवा म्हणाला. स्प्रिंगेचं सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ते तुम्ही मेलवर लिहून द्या." दिलं.

9 नोव्हेंबर

पुण्याला जाऊन आलो. बलेनोचे कंपनीचे 16 इंची अलॉय मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण बोल्टांचं वर्तुळ तेच, 4 गुणिले 100, आणि मधलं भोकही स्विफ्टच्या हबला (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) तंतोतंत. सेट मिळाला होता. पण एका रिमच्या आतल्या काठावर, जिथे रंगाखाली बोट फिरवल्यावरच कळतं अशा ठिकाणी, वेल्डिंगचा उंचवटा. विकणारा म्हणाला, हवा धरते. धरत असेल. अलॉयला वेल्डिंग केलं की त्या जागेची उष्णता-प्रक्रिया गेली, मग तो भाग मऊ राहतो आणि चीर शेजारून निघते. परत आलो.

येताना बाजारातला नवा सेट बघितला: 16 गुणिले 6.5, पाठीमागे जेडब्ल्यूएलचा (अलॉय चाकांच्या जपानी मानकाचा) ठसा आणि भार लिहिलेला. ऑफसेट (रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर) मूळच्यापेक्षा 5 मिमीने कमी. टायर 30 मिमी रुंद झाला म्हणजे 15 आत, 15 बाहेर. ऑफसेट 5 ने कमी म्हणजे 10 आत, 20 बाहेर. आतल्या बाजूला शॉकअपच्या नळीपाशी जुन्या चाकाला किती जागा आहे ते आधीच बोटांनी आणि मग पट्टीने बघून ठेवलं होतं, तिथे 10 मिमी आरामात सुटतात. बाहेरचे 20 कमानीच्या आत राहतील का, तो खरा प्रश्न. त्याची परीक्षा जोडायच्या आधी घेणार आहे.

मधलं भोक 73.1. स्विफ्टचा हब 54.1. म्हणजे मधली फट भरायला रिंग लागणार. रिम विकणारा म्हणतो, "नटांवर सेंटर होतंय की, रिंग कशाला?" शंकूच्या नटांवर सेंटर होतं हे खरं. पण नट आवळताना चाक आधीच बरोबर मध्यावर बसलेलं असलं तर शंका राहत नाही, आणि 90 च्या वेगाला स्टेअरिंगमध्ये येणारी ती बारीक थरथर तीन-तीनदा बॅलन्सिंग करून जात नाही तेव्हा तिचं मूळ बहुतेक इथेच असतं. ऑनलाइन प्लॅस्टिकच्या रिंगा मिळतात. पण कोल्हापुरात राहून रिंगा ऑनलाइन मागवायच्या, हे बरं दिसत नाही.

15 नोव्हेंबर

उद्यमनगर. ओळखीच्या लेथवर गेलो. टर्नर मामांनी कागदावरचं माप बघितलंच नाही, आधी म्हणाले, "हब आण." हब कुठून आणू, गाडीच आणलीय, म्हटलं. मग चाक काढून, हबवरचा गंज पॉलिश पेपरने घासून, व्हर्निअर लावलं. डावीकडे 54.05, उजवीकडे 54.0. मग रिमचं भोक मोजलं, चारही. एक 73.15 भरलं.

"नायलॉन का अ‍ॅल्युमिनियम?" मी म्हटलं अ‍ॅल्युमिनियम. नायलॉन स्वस्त आणि चिकटत नाही, पण पुढच्या चाकांना ब्रेकची उष्णता, त्यात घाट. अ‍ॅल्युमिनियमचा तोटा असा की लोखंडी हबवर पावसाळ्यात ते गंजून धरून बसतं आणि रस्त्यात पंक्चर झालं की चाक निघत नाही. उपाय साधा, बसवताना पातळ ग्रीसचा हात.

गोल सळईचा तुकडा चकमध्ये धरला, आधी बाहेरचा व्यास, मग बोअर, मग मामांनी एका काठाला दीड मिलिमीटरचा तिरका चाम्फर काढला. मी विचारलं हे कशाला. म्हणाले, "रात्री पावसात चाक चढवताना कळंल." जाडी साडेनऊ मिमी. रिंग रिममध्ये लाकडी हातोडीच्या दोन टोल्यांनी गेली आणि तिथेच राहिली. हबवर हाताने सरकते, पण हलवली तर हलत नाही. प्रत्येक रिंग तिच्या रिमच्या मापाने काढली, म्हणून आतून पंचने एक ते चार ठिपके मारून घेतले. 73.15 वाली तिसरी.

चार रिंगांची मजुरी आणि माल मिळून जे पैसे झाले त्यात पुण्याला जायचं पेट्रोलही भागलं नसतं.

19 नोव्हेंबर

टायर चढवले. 195/55 आर 16, 87 व्ही. 87 चा भार-निर्देशांक म्हणजे 545 किलो प्रति टायर. मूळ टायर 85, म्हणजे 515. मूळपेक्षा खाली जायचं नाही एवढं बघितलं. बाजूवरचा आठवडा-वर्षाचा आकडा चारही टायरांवर याच वर्षाचा, दुकानदाराने एक गेल्या वर्षीचा चिकटवायचा प्रयत्न केला तो परत केला. 22 सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, बिलात तो नीट लागलाय ना हेही बघून घेतलं.

चाकं मार्केट यार्डात मित्राच्या अडतीत नेऊन गुळाच्या काट्यावर ठेवली. जुनं चाक टायरसकट 13.4 किलो. नवं 17.1. अलॉय हलके असतात असं जे म्हणतात ते त्याच मापाच्या लोखंडी रिमच्या तुलनेत. दोन इंच मोठं चाक हे वजनदारच होतं, आणि ते वजन मध्यापासून लांब गेलेलं असतं. इथे 3.7 किलो प्रति चाक, स्प्रिंगेच्या खालचं वजन. गाडी उठाव घ्यायला थोडी सुस्त होणार आणि बारीक खड्ड्यांची टकटक जास्त कळणार. ठाऊक असलेलं बरं.

23 नोव्हेंबर

जोडायच्या आधीची परीक्षा. डावं पुढचं चाक काढलं, शॉकअप खाली उतरवला, स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग सोडवली. कॉम्प्रेसरबद्दल एकच: दोन्ही आकडे समोरासमोर, आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, आणि तोंड कधीही स्प्रिंगेच्या टोकासमोर धरायचं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर काय होतं ते बघितलेला माणूस गॅरेजमध्ये एक तरी असतो, त्याला विचारा.

मग शॉकअप स्प्रिंगेशिवायच, फक्त बंप स्टॉप (चाक फार वर गेलं की शेवटचा धक्का घेणारं रबर) ठेवून परत बसवला. नवं चाक लावलं. आता लोअर आर्मखाली (चाकाला खालून धरणारा आडवा दांडा) जॅक घेऊन चाक हळूहळू वर उचलत नेलं, बंप स्टॉप पूर्ण दबेपर्यंत. म्हणजे गाडी खड्ड्यात आदळल्यावर चाक जितकं वर जाऊ शकतं तिथपर्यंत, तेही गाडी जागेवर उभी असताना. स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

कमानीच्या आत किती जागा उरते ते डोळ्यांना दिसत नाही, बोट जात नाही. गणपतीतली शाडूची माती उरली होती, ती भिजवून तिचे लिंबाएवढे गोळे कमानीच्या आत चार ठिकाणी चिकटवले. चाक वर-खाली, डावं-उजवं फिरवून झाल्यावर गोळे काढून सुरीने उभे कापले आणि जाडी मोजली. वरच्या ओठाशी 9 मिमी. मागच्या बाजूला, दाराच्या अंगाला 14. पुढे बंपरच्या कोपऱ्यातल्या प्लॅस्टिक अस्तराशी 2. आतमध्ये शॉकअपच्या नळीशी 8.

2 म्हणजे चाललं नाही. तिथे अस्तराचा एक क्लिप आधीच तुटलेला होता आणि ते पोट काढून बसलं होतं. नवा क्लिप लावला, पुन्हा गोळा, 7 मिमी. ऑफसेट आणखी पाच-सातने कमी असता तर वरचा ओठ दुमडावा लागला असता, म्हणजे रंग उडाला, गंज आला, आणि माझा पहिला नियम मोडला.

29 आणि 30 नोव्हेंबर

मुख्य काम. स्प्रिंगा चेन्नईहून मागवलेल्या, पुढे-मागे मिळून चार, 30 ते 35 मिमी खाली नेणाऱ्या, वेटोळी एका टोकाला दाट आणि दुसऱ्याला विरळ. शॉकअप नवे, कंपनीच्या मापाचे. मिस्त्रींना दोन दिवस त्यांच्याच गॅरेजची मागची बाजू मागून घेतली.

मिस्त्रींचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच, "दादा, एवढा खर्च कशाला? दीड वेटोळं कापतो, संध्याकाळी गाडी घेऊन जा." ते चेष्टेत म्हणत होते, पण अशा गाड्या त्यांच्याकडे येतात. कापलेली स्प्रिंग कडक होते हे खरं. पण तिचं टोक बशीत (स्प्रिंग जिच्यावर टेकते ती वाटी) बसायला वळवलेलं असतं, ते जातं, आणि चाक मोकळं लोंबलं की स्प्रिंग बशीतून सुटते. त्याहून वाईट म्हणजे गॅसने तापवून बसवणं. फाउंड्रीच्या गावात पाणी चढवलेलं पोलाद गॅसने लाल करायचं नसतं हे कुणी कुणाला सांगायची गरज नसावी.

किती खाली जायचं याची मर्यादा मी दिसण्यावरून ठरवलेली नाही. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. मूळ उंचीला लोअर आर्मचं बाहेरचं टोक, जिथे बॉल जॉइंट असतो, ते आतल्या टोकापेक्षा किंचित खाली असतं. गाडी बसली की आर्म आडवा होत जातो. आडव्यापर्यंत ठीक. त्यापुढे बाहेरचं टोक वर जायला लागलं की गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती वळणात कलते तो बिंदू झपाट्याने खाली सरकतो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त. मग गाडी दिसते खाली, पण कलते जास्त. साठ-सत्तर मिमी पाडलेल्या छोट्या गाड्या वळणात लोळतात त्याचं कारण हे, आणि मग ते झाकायला स्प्रिंगा दगडासारख्या कडक कराव्या लागतात. माझा आर्म 30-32 वर जवळजवळ आडवा येतो. तिथे थांबलो.

बंप स्टॉप. मूळ गाडी उभी असताना शॉकअपच्या दांड्यावर स्टॉप लागायच्या आधी मोकळा प्रवास 55 मिमी होता. 30 खाली आलं की उरले 25. बारीक खड्ड्यालाही गाडी रबरावर आदळणार, आणि लोक म्हणणार स्प्रिंग कडक आहे. स्प्रिंग नाही, स्टॉप असतो तो. स्टॉपची खालची एक चुडी, 15 मिमी, धारदार सुरीने सरळ कापली. मोकळा प्रवास 40. यापेक्षा जास्त कापला तर 23 तारखेला मोजलेल्या शाडूच्या गोळ्यांचा हिशेब बदलतो, तेव्हा हे दोन्ही आकडे एकत्र बघूनच सुरी चालवायची. शाडूचं माप मी मुद्दाम पूर्ण स्टॉपवर घेतलं नव्हतं, एक चुडी आधीच काढून घेतलेली होती.

पुढची वरची माउंटिंग आणि बेअरिंग नवीन टाकली. 91 हजार झालेत, पुन्हा हेच खोलण्यापेक्षा बरं. लिंक रॉड उजवा ढिला होता, दोन्ही बदलले. दांड्यावर एक प्लॅस्टिकचा टाय घट्ट बांधून ठेवला: शॉकअप जितका दबेल तितका तो सरकेल, आणि मग किती प्रवास वापरला ते वाचता येईल.

मागचं सोपं. टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई), स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे. शॉकअपचे खालचे बोल्ट सोडले, बीम खाली आला, स्प्रिंग हातात. नवी घालताना टोक बशीच्या खाचेत बसलंय का ते आरशाने बघितलं.

आता जे बहुतेक ठिकाणी होत नाही ते. लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुश म्हणजे आत-बाहेर लोखंडी नळ्या आणि मध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर पकडली जाते आणि आर्म हलतो तेव्हा फक्त रबर पिळतं. गाडी जॅकवर, चाकं लोंबलेली असताना बोल्ट आवळले तर त्या लोंबत्या स्थितीत रबर निवांत असतं, आणि गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. सहा महिन्यांत फाटतं. जुने बोल्ट न सोडता नुसत्या स्प्रिंगा बदलल्या तरी तेच, कारण रबराची निवांत जागा जुन्या उंचीची. म्हणून आर्मचे आणि बीमचे सगळे बुश-बोल्ट ढिले केले, गाडी चाकांवर उतरवली, पुढून-मागून दाबून हलवली, रॅम्पवर चढवली, आणि मग खाली झोपून आवळले. मिस्त्री म्हणाले, "कंपनीत बी असं कोण करत न्हाई." कंपनीचं माहीत नाही, मॅन्युअलात मात्र असंच लिहिलंय.

नट. धागा 12 मिमी, पिच 1.25. बोल्टच्या व्यासाइतकी तरी पकड हवी, म्हणजे साडेनऊ फेरे. मोजले, अकरा भरले. हवेच्या गनने एकही आवळला नाही.

संध्याकाळची मापं: पुढे डावीकडे 349, उजवीकडे 348. मागे 363.

2 डिसेंबर

व्हील अलाइनमेंट. काम झाल्याबरोबर केलं नाही, स्प्रिंगा बसायला दोन दिवस गावात फिरवली. मशीनवर पुढची टो (वरून बघितल्यावर चाकांची तोंडं आत की बाहेर ते माप) बाहेर गेलेली, एकूण 4 मिमी. हे अपेक्षितच. गाडी खाली आली की टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाकाला वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म वेगवेगळ्या कंसांत फिरतात आणि चाकांची तोंडं बदलतात. असंच चालवलं असतं तर टायरचा आतला काठ पाच हजारांत गेला असता, आणि दोष 'लोअरिंग'ला मिळाला असता. टाय रॉडवर शून्याच्या किंचित आत आणून घेतली. कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) दोन्हीकडे उणे एक अंशाच्या आसपास. स्विफ्टला कॅम्बर कंपनीकडून जुळवता येत नाही, आणि एवढा उणे मला वळणासाठी हवाच आहे. मागचा बीम आहे तसा.

हवा 33 पीएसआय, थंड टायरला. भिंत 25 मिमीने कमी झालीय, तिथे हवा कमी ठेवून आराम शोधायचा नाही.

7 डिसेंबर

स्पीडब्रेकर. या कामातली सगळ्यात मोठी धास्ती हीच, म्हणून गणित करून गेलो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक 3.7 मीटर लांब, 10 सेंमी उंच, 17 मीटर त्रिज्येचा. स्विफ्टचा व्हीलबेस 2430 मिमी. गाडी बरोबर मध्यावर आली तेव्हा पुढची-मागची दोन्ही चाकंही त्याच उंचवट्यावर असतात. हिशेब केला तर गाडीच्या पोटाखाली तो फक्त 43 मिमी घुसतो. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स 170, माझा आता साधारण 140. असल्या ब्रेकरवरून पाच माणसं आणि सामान घेऊनही गाडी घासणार नाही.

पण असला ब्रेकर आहे कुठे? आमच्या गल्लीच्या तोंडचा आज पट्टीने मोजला: उंची 140, लांबी जेमतेम 600. पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची, आणि मधे पोटाखाली पूर्ण 140 मिमीचं डांबर उभं. सरळ गेलो तर एकट्यानेही घासतो. तिरकं घेतलं तर एका वेळी एक चाक चढतं, गाडी उचललेली राहते, सुटतो. खरं म्हणजे मूळ उंचीलाही चार माणसं असली की हा एक्झॉस्टला लागायचाच. आता तो कायम तिरका.

मग पाच माणसं बसवून मापं घेतली: मी, आई-पप्पा मागे, मित्र पुढे आणि त्याचा थोरला भाऊ, जो एकटा दीड माणसाचा आहे. लाकडाचा 100 मिमीचा ठोकळा एक्झॉस्टच्या सांध्याखालून सरकला, 110 चा अडकला. आई म्हणाली, "बसायला खोल झालीय रे, गुडघे वर येतात." तीस मिलिमीटर तिला बरोबर कळले. पप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "स्टेपनी कुठली?"

स्टेपनी तीच, 165/80 आर 14. व्यास सव्वा मिलिमीटरने वेगळा, त्यामुळे डिफरन्शियलला त्रास नाही, नट तेच. तिच्यावर घरापर्यंत यायचं, एवढंच काम. पंक्चर झाल्यावर गाडीचा जॅक खाली जातो का तेही टायरची हवा काढून बघितलं. जातो, पण दोन बोटं सुटतात.

21 डिसेंबर

लांबची फेरी: कोल्हापूर, कागल, निपाणी, तवंदी घाट, आणि परत. कागलपर्यंत महामार्गाच्या रुंदीकरणाची डायव्हर्जन आहेत, डांबरावरून खडीवर उतरताना जो काठ असतो तिथे नव्या चाकांची टकटक स्पष्ट कळते. पूर्वी 'धप्प' यायचं, आता 'टक' येतं. आवाज जास्त, पण त्यानंतरचं डोलणं गेलं. तवंदीच्या वळणांत पहिल्यांदा वाटलं की पैसे कुठे गेले ते सापडलं: स्टेअरिंग वळवलं की गाडीचं नाक लगेच वळतं, आधी कलून मग वळणं बंद. 90 ला थरथर नाही. रिंगांचं श्रेय.

उठाव किंचित कमी झालाय, चौथ्या गिअरमध्ये घाट चढताना एक गिअर आधी खाली यावं लागतं. अ‍ॅव्हरेज सतरा-साडेसतरा मिळायचं, आता साडेसोळाच्या आसपास.

दिव्यांचा झोत. पुढचं मागच्यापेक्षा जास्त बसलंय, त्यामुळे झोत जवळ पडतो. आतल्या चक्रीने एक घर वर केला. भिंतीवर चुना-रेष मारून जुळवून घ्यायचा आहे.

दांड्यावरचा टाय बघितला. बंप स्टॉपला जेमतेम स्पर्श होईल इथपर्यंत सरकलाय. मोकळा प्रवास जवळजवळ पूर्ण वापरला जातोय, आपटत नाही. इथे कापाकापी आणखी करायची गरज नाही.

11 जानेवारी 2026

स्प्रिंगा बसल्या. पुढे 345 आणि 344, मागे 361. म्हणजे पुढे 31-33, मागे 23 खाली. डावं-उजवं जुळलं. सगळे चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले, एकही हलला नाही. चाकं काढून रिंगा बघितल्या, हाताने सुटल्या.

टायरचे काठ सारखे झिजतायत. डाव्या मागच्या कमानीच्या आत, चिखलपट्टीच्या वरच्या स्क्रूला, टायर घासल्याची काळी खूण मिळाली, पाच माणसं असतानाची असावी. स्क्रूचं डोकं उंच आहे, चपट्या डोक्याचा आणायचा.

खर्च ढोबळ: रिम 31 हजार, टायर 26, स्प्रिंगा 19, शॉकअप चार 13, माउंटिंग-बेअरिंग-लिंक रॉड 5, मिस्त्री आणि अलाइनमेंट 4. रिंगा यात धरल्याच नाहीत. शॉकअप आणि माउंटिंग तशीही बदलायची होती.

बाकी: दिव्यांची भिंतीवरची जुळवणी. मागचा स्क्रू. पुढून डावीकडून सकाळी थंड गाडीत पूर्ण स्टेअरिंग वळवताना एक 'टिंग' येतं, स्प्रिंगेचं टोक बशीत सरकतंय असा माझा अंदाज, मिस्त्री माउंटिंग म्हणतात. पुढच्या रविवारी खोलून बघायचं.